पारड्याखालची चिठ्ठी

टिंग.

सासऱ्यांनी पितळी पारड्यात वजन टाकलं आणि मघापासून घरात ठाण मांडून बसलेली शांतता मोडली. वजन होतं पाच ग्रॅमचं, पण त्या एवढ्याशा आवाजानंही सूनबाई अशी दचकली की हातातली शाळेची डायरी खाली पडली.

"किती वेळा वाचशील?" सासरे काट्यावरची नजर न हलवता म्हणाले. "तिसऱ्यांदा वाचून मजकूर बदलला का?"

"पाचव्यांदा," सूनबाई म्हणाली आणि डायरी उचलून सहाव्यांदा वाचू लागली.

वर्गाच्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून तर ते मनाला जास्त लागत होतं. 'मुलीला वस्तूंची इंग्रजी नावं भरपूर येतात. इतकी की मला नवल वाटतं. पण प्रश्नात काय करायला सांगितलंय ते तिला कळत नाही. चार आठवड्यांनी मी तिच्याशी पंधरा मिनिटं बोलेन. तोवर फरक दिसला नाही, तर आणखी एक वर्ष दुसरीतच राहणं तिच्या हिताचं ठरेल.'

जिच्या हिताची गोष्ट चालली होती ती टेबलाखाली गुडघ्यात नाक खुपसून बसली होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आज मात्र तासभर हलली नव्हती.

"म्हणजे मी परत छोट्या बाकावर बसणार?" टेबलाखालून आवाज आला. "आणि माझ्या मैत्रिणी वरच्या मजल्यावर?"

"कोण म्हणतंय?" सूनबाई घाईघाईने म्हणाली. "आपण अजून शब्द शिकू ना. खूप शब्द."

शब्दांच्या बाबतीत सूनबाईने हयगय केली होती असं तिचा वैरीही म्हणाला नसता. ती दुपारपर्यंत झेरॉक्सच्या दुकानात मशीनवर असे. तिथे बिघडलेल्या, काळ्या पट्ट्या आलेल्या कागदांचा गठ्ठा रोज साठायचा. मालकाला विचारून तो ती घरी आणायची, कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापायची आणि पिठाची खळ करून घरभर चिकटवायची. दारावर 'डोअर', बिजागरीवर 'हिंज', झाकणावर 'लिड', खिडकीच्या कडीवर 'लॅच'. एकूण दोनशे बारा चिठ्ठ्या. भिंगरीला त्या सगळ्या पाठ होत्या. एकदा सासऱ्यांच्या चष्म्याच्या घरावर चिठ्ठी दिसली तेव्हा ते म्हणाले होते, "माझ्या पाठीवर तेवढी लावू नकोस बाई. मी कोण ते मला अजून आठवतंय." भिंगरीचे बाबा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर असत. ते फोनवर हसायचे, "दोनशे? माझं तर 'हॉर्न' आणि 'ब्रेक' या दोन शब्दांवर आयुष्य चाललंय!"

सूनबाईला हसू यायचं नाही. ती स्वतः आपल्या भाषेतल्या शाळेत शिकलेली. कॉलेजात गेली तेव्हा वर्गात इंग्रजी सुरू झालं की सगळं डोक्यावरून जायचं. वर्षभर शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसली आणि मग जायचीच बंद झाली. लेकीवर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढं एकच तिने मनाशी घट्ट धरलेलं होतं. म्हणून तर या चिठ्ठ्या. आणि आता बाई म्हणत होत्या की नावं पुष्कळ झाली, कळत मात्र काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून आल्या आल्या तिने कात्री काढली. माणूस घाबरला की जे येतं तेच दुप्पट करतो, तसं तिचं झालं. चाळीस नव्या चिठ्ठ्या कापल्या, पण चिकटवायला वस्तू उरल्या नव्हत्या. कपाट झालं, मोरी झाली, झाडूसुद्धा झाला. शेवटी नजर गेली सासऱ्यांच्या कामाच्या टेबलाकडे.

सासरे वजनकाटे दुरुस्त करत. चाळीस वर्षं हाच उद्योग. किराणावाले, औषधवाले, रद्दीवाले, सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जात, आणि सगळे त्यांना काटेवाले म्हणूनच ओळखत. टेबलावर फडक्यावर एक नाजूक काटा तयार ठेवलेला होता. सासरे आत आडवे झाले होते. सूनबाईने विचार केला, वरून लावली तर बरं दिसणार नाही. तिने डावं पारडं अलगद उचललं आणि त्याच्या पोटाशी 'स्केल' अशी चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी ती भाजी आणायला गेली तेव्हा सोनार आला आणि आपला काटा घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात उभा. कपाळाला आठ्या.

"काटेवाले, वय झालं तुमचं," त्याने काटा टेबलावर ठेवला. "पारडी रिकामी असतानाच काट्याने एका बाजूला मान टाकलीय बघा. गिऱ्हाइकासमोर माझी काय शोभा झाली असती!"

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात होती. सासऱ्यांनी काटा उजेडात घेतला, दांडी पाहिली, साखळ्या पाहिल्या. मग डोळे मिटून दोन्ही पारड्यांखालून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. नखाने त्यांनी चिठ्ठी सोडवली, उजव्या पारड्यात ठेवली, परत उचलली, दुसऱ्या बारक्या काट्यावर टाकली.

"खळीसकट ग्रॅमचा दहावा भाग," ते म्हणाले. "वाळलेली आहे, नाहीतर जास्त भरली असती."

"आहे काय ते?" सोनाराने वाकून पाहिलं.

"आमच्याकडे सध्या इंग्रजीची साथ आहे. तुमच्या काट्याला लागण झाली."

सोनार आधी बघतच राहिला, मग पोट धरून हसला. "अहो, मग बरा होईल ना?"

"झाला. न्या."

तो गेल्यावर सूनबाई पुढे आली. डोळे भरले होते. "बाबा, मी... चाळीस वर्षांचं नाव तुमचं..."

"नावाला काही होत नाही. बस." सासऱ्यांनी ती चिठ्ठी बोटांवर धरली. "मला एक सांग. काट्याला चिठ्ठी लावल्यावर भिंगरीला काय कळलं?"

"त्याला स्केल म्हणतात ते."

"आणि काटा काय करतो ते?"

सूनबाईने त्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"बाईंनी तेच लिहिलंय. वस्तूला नाव असतं, ते चिकटवता येतं. करायच्या गोष्टीला कुठे चिकटवशील? हवेला?" ते उठले, चष्मा पुसला. "त्या प्रश्नांमध्ये असतं तरी काय? तुझ्या दुकानात रोज प्रश्नपत्रिका येतात ना?"

सूनबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. येतात म्हणजे? हजारोंनी येतात. आजवर तिच्या हाताखालून किती गेल्या असतील त्याला गणती नाही. तिने फक्त कागद सरळ लागलाय ना, एवढंच पाहिलं होतं. त्या दिवशी तिने प्रथमच त्या वाचल्या. आणि वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की विज्ञान असो, गणित असो, धडा असो, प्रश्नांच्या तोंडाशी तेच ते शब्द फिरून फिरून येतात. कम्पेअर. एस्टिमेट. प्रेडिक्ट. ऑब्झर्व्ह. एव्हिडन्स. सगळे मिळून बाराच. गर्दीच्या मधल्या वेळेत, एक पान निघून दुसरं लागेपर्यंत, तिने ते हाताच्या तळव्यावर पेनाने लिहून घेतले आणि घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

"बाराच?" सासरे म्हणाले. "दोनशे बारांना जागा केलीस, तर या बारांना काय अवघड आहे? पहिला सांग."

"एस्टिमेट. म्हणजे..." तिने डिक्शनरी पाहिली, "अंदाज करणे."

सासऱ्यांनी टोपलीतून एक बटाटा उचलून भिंगरीच्या हातात दिला. "किती ग्रॅम?"

"शंभर!" भिंगरी बटाट्याकडे न बघताच ओरडली.

"का?"

"कारण मला शंभर आवडतं."

"बरं. आता डाव्या हातात हे घे." त्यांनी शंभराचं वजन ठेवलं. "डोळे मीट. कोण जड?"

भिंगरीचे दोन्ही हात पारड्यांसारखे खाली-वर होऊ लागले. कपाळावर बारीक सुरकुती आली. "बटाटा. थोडासा. खूप नाही."

"मग किती?"

"एकशे... वीस?"

काट्यावर बटाटा एकशे पंचवीस भरला. भिंगरीने अशी उडी मारली की वजनांच्या पेटीतून छमछम आवाज आला.

"आजोबा, पण आमच्या पुस्तकात 'गेस' पण आहे. तो पण अंदाजच ना?"

सूनबाई डिक्शनरी चाळू लागली. दोन्ही शब्दांपुढे जवळजवळ तेच छापलेलं. ती अडकली. सासऱ्यांनी बटाटा पुन्हा उचलला.

"पहिल्यांदा तू शंभर म्हणालीस ना, ते गेस. नुसतं तोंड उघडलंस. दुसऱ्यांदा हातात वजन घेऊन म्हणालीस, ते तुझं दुसरं. काय ते?"

"एस्टिमेट!"

डिक्शनरी सूनबाईच्या मांडीवर तशीच उघडी राहिली. एवढं जाडजूड पुस्तक, आणि जे त्याला दोन ओळींत सांगता आलं नाही ते एका बटाट्याने सांगितलं. आणि तो हातात देणाऱ्या सासऱ्यांना इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मग रोज संध्याकाळी, भाजी चिरायच्या आधीचा अर्धा तास ठरून गेला. सूनबाई शब्द आणायची, अर्थ वाचायची. सासरे तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवायचे, वेडावाकडा म्हणायचे, भिंगरी खदाखदा हसून सुधारायची, आणि मग ते टेबलावर काहीतरी मांडायचे. 'कम्पेअर'ला त्यांनी साखरेची आणि कापसाची सारख्या वजनाची पुडकी मांडली. "मोठं-लहान मला सांगू नकोस, ते मांजरालाही दिसतं. कशात सारखी, कशात वेगळी, ते सांग." 'प्रेडिक्ट'ला पाण्याने भरलेल्या वाटीत खडा टाकण्याआधी विचारलं, काय होईल? आणि पाणी सांडलं ते सूनबाईच्या धुतलेल्या फरशीवर.

"बाबा!"

"तिने बरोबर सांगितलं होतं, सूनबाई. तू ऐकायला हवं होतंस."

सूनबाईला आधी वाटलं होतं, हा खेळ दोन दिवसांत आटपेल. पण ती पाहत होती. भिंगरी चूक बोलली तर सासरे कधीच 'चूक' म्हणत नसत. म्हणत, "टाक पारड्यात." मग काटा काय ते सांगे, आणि काट्यावर कुणी रुसत नाही. शब्द आधी हाताने करून घेत, मग आपल्या भाषेत बोलून घेत, आणि सगळ्यात शेवटी इंग्रजीत. सूनबाईने उलट केलं होतं. तिने शब्दापासून सुरुवात केली आणि तिथेच थांबली. मनातल्या मनात ती रोज सासऱ्यांना हात जोडत होती. तोंडाने म्हणाली असती तर त्यांनी थट्टेवारी नेलं असतं.

'एव्हिडन्स'वर मात्र गाडी अडली. पुरावा. सासरे दोन दिवस तो शब्द घेऊन फिरत होते. चहा पिताना थांबत, मान हलवत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी पन्नास ग्रॅमची तीन जुनी वजनं मांडली.

"यातलं एक खोटं आहे. झिजलंय. ओळख."

भिंगरीने एक उचललं. "हे. मला वाटतं."

"वाटतं म्हणून मी दुकानदाराला खोटा म्हणू? तो मला उचलून बाहेर ठेवेल."

मग तिने तिन्ही वजनं काट्यावर टाकून पाहिली, आलटून पालटून, जीभ बाहेर काढून. मधलं हलकं निघालं. तिने ते उलटं केलं; तळाशी चकाकी होती, कडा घासलेली. तिने उचललेलं वजन खरं होतं.

"आता तू ज्याला खोटं म्हणालीस त्याची माफी माग," सासरे गंभीरपणे म्हणाले.

भिंगरीने वजनाची माफी मागितली. मग मधल्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे. काटा वाकला आणि खाली घासलंय. हा एव्हिडन्स."

सूनबाई भाजीची सुरी तशीच हातात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही शाळेत मास्तर व्हायला हवं होतं."

"मी?" ते वजनं पुसून पेटीत ठेवत होते. "मला तिसरीत दोनदा बसवलं आणि मग घरी पाठवलं. मंद आहे म्हणाले. मास्तर विचारायचे ते मला कळायचं नाही, आणि मला जे कळायचं ते मास्तर कधी विचारायचे नाहीत." पेटीचं झाकण लागलं. "चला, भाजी कोण चिरणार?"

भिंगरी ऐकत होती.

चार आठवडे संपले. त्या दिवशी सूनबाईने दुकानातून दोन तासांची सुट्टी घेतली. सासरे शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"आत या ना, बाबा. बाकावर बसायला देतात पालकांना."

"नको. शाळेची पायरी आणि मी, आमचं फारसं जमलेलं नाही. मी इथे उभा आहे."

वर्गात उंच खिडक्या होत्या आणि खडूचा वास. सूनबाई मागच्या बाकावर बसली आणि तिला एकाएकी आपला तो शेवटचा बाक आठवला. बाई बारीक अंगाच्या, आवाज मऊ. त्यांनी झाडाची दोन पानं भिंगरीसमोर ठेवली आणि इंग्रजीत म्हणाल्या, कम्पेअर कर.

भिंगरी पानांकडे पाहत बसली. सूनबाईने दात आवळले. मागून काही सुचवायचं नाही अशी अट होती.

मग भिंगरीने पानं उचलली, दोन्ही तळव्यांवर एकेक ठेवलं आणि हात पारड्यांसारखे समोर धरले. बाईंच्या भुवया वर गेल्या. भिंगरी मोडक्या-तोडक्या पण स्वच्छ इंग्रजीत सांगू लागली, दोन्ही हिरवी, दोन्हींना शिरा, पण हे जाड आणि याच्या कडेला दात आहेत. 'प्रेडिक्ट' शब्द मध्येच हरवला, तेव्हा तिने बिनदिक्कत 'गेस' म्हटलं आणि लगेच जीभ चावली. बाई हसल्या. लिहीत राहिल्या.

शेवटी त्यांनी कपाटातून एक मोठं चित्र बाहेर काढलं. एक खोली, खिडकीची काच फुटलेली, आत जमिनीवर चेंडू, आणि बाहेर बॅट घेऊन उभा असलेला मुलगा. "खिडकी कुणी फोडली? आणि तुझा एव्हिडन्स काय?"

सूनबाईचा जीव भांड्यात पडला. हे सोपं होतं. मुलाने. बॅट हातात आहे की!

भिंगरी चित्रावर नाक टेकेल इतकी वाकली. बोटाने काचेचे तुकडे मोजले. मग मान हलवली.

"नॉट द बॉय," ती म्हणाली.

सूनबाईने डोळे मिटून घेतले. झालं. इतकं करून झालं.

"नाही? का बरं?" बाईंनी विचारलं.

"ग्लास इज आउटसाइड." भिंगरीने बोट ठेवलं. काचेचे सगळे तुकडे खिडकीबाहेर, गवतावर काढलेले होते. आत एकही नव्हता. "इफ बॉल केम फ्रॉम आउटसाइड, देन ग्लास इनसाइड. समबडी इनसाइड ब्रोक इट. आय थिंक." ती थांबली, आणि स्वतःलाच दटावल्यासारखी म्हणाली, "नो. नॉट थिंक. एव्हिडन्स."

बाईंनी चित्र आपल्याकडे वळवलं. चष्मा वर सरकवला, खाली घेतला. मग आपल्या भाषेत, अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "नऊ वर्षं मी हे चित्र दाखवतेय. नऊ वर्षं सगळी मुलं म्हणताहेत, त्या मुलाने. आणि मीही त्यांना बरोबर म्हणतेय."

त्यांनी वही मिटली. सूनबाईकडे वळल्या. "तिसरीची पुस्तकं आणून ठेवा. तिला अजून शब्द हवेत, वाक्यं नीट बसायला हवीत, ते होईल. पण विचार करायचा शब्द तिच्या हातात बसलाय. कुणाकडे शिकवणी लावली?"

"तिच्या आजोबांकडे," सूनबाई म्हणाली. "ते काटे दुरुस्त करतात."

"त्यांना एकदा वर्गात घेऊन या. काट्यासकट. मला शिकायचंय."

मैदानात ऊन पसरलं होतं. भिंगरी आईचा हात धरून उड्या मारत निघाली. दर उडीला एक शब्द. सूनबाई तिला 'पडशील गं' म्हणत होती, पण तिचे स्वतःचे पाय तरी कुठे जमिनीवर होते! तिसरी. वरचा मजला. आणि बाई म्हणाल्या, वर्गात घेऊन या. हे बाबांना कसं सांगायचं, ते काय म्हणतील, 'मला कशाला' म्हणून हात झटकतील का, तिचं मन पुढे पुढे धावत होतं.

फाटकापाशी सासरे उभे होते, तिथेच, जिथे सोडलं होतं. फाटक सताड उघडं होतं, पण त्यांनी चपलेचं टोकही आत टाकलेलं नव्हतं. दोघींना बघून त्यांनी हात वर केला आणि लांबूनच, दोन्ही तळवे पारड्यांसारखे धरून, काय झालं म्हणून खुणेने विचारलं.

भिंगरी एकदम थांबली. तिने आजोबांकडे पाहिलं, मागे वळून वर्गाच्या उंच खिडक्यांकडे पाहिलं, आणि कपाळावर ती बारीक सुरकुती आली.

"आई," ती म्हणाली, "आजोबांना मंद म्हटलं ना, तेव्हा त्या मास्तरांकडे एव्हिडन्स काय होता?"